कानातलं

“पदर कानामागं घ्या मावशी, दोन्ही कान दिसायला हवेत.”

मावशी हलेचनात. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून आलेल्या, फॉर्मला फोटो हवा होता. लेकीनं मागून ढोसलं तेव्हा कुठं पदर सरकला. कानाच्या भोकात खराट्याची काडी. भोक बुजू नये म्हणून.

“फुलं सोनाराकडं हायती. कॉम्प्युटरवर घालता येत्यात का ओ दादा?”

येतात की! फोटोशॉपमध्ये मी रोज कुणाची कंबर बारीक करतो, कुणाचे केस काळे. लग्नाच्या अल्बममध्ये तर नवरदेवाला उंचसुद्धा केलंय. पण फॉर्मच्या फोटोत असली कारागिरी चालत नाही. आणि साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरमध्ये फुलं ती किती दिसणार? ठिपक्याएवढी.

तरी त्या नुसत्याच बघत राहिल्या. मग चार बाय सहा इंची कागदावर फॉर्मसाठीचे आठ काढून दिले, काडीसकट. घरी लावायला एक मोठा वेगळा करतो म्हणालो.

“फुलं कशी होती, मावशी? डिझाइन सांगा.”

“अडीच ग्रॅमची.”

एवढंच. लेकीलाही आठवेना. गहाण पडलेल्या वस्तूचं वजन तेवढं ध्यानात राहतं बहुतेक.

फाइल अजून उघडीच आहे. कसली फुलं घालू, सांगा बरं?