पत्रा, ओळंबा आणि घड्याळ: आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश काढायची रीत

'एका रेखांशाला ४ मिनिटं' आणि 'भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची' ही दोन वाक्यं स्पर्धा परीक्षेवाल्यांना झोपेतही येतात. पण त्यांच्या जोरावर गच्चीत बसून आपल्या गावाची जागा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत काढता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. उपग्रहाची मदत नाही, होकायंत्रही नाही. अक्षांश सोपा, रेखांश किचकट. दर्यावर्दी लोकांचीही शेकडो वर्षं हीच रड होती, कारण रेखांशाला बिनचूक घड्याळ लागतं. ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

पुस्तकात 'एक काठी उभी करा आणि सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा' असं छापलेलं असतं. तसं करून काही हाती लागत नाही. सूर्य हा बिंदू नाही, जवळजवळ अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक साधारण एक सेंटिमीटर पुसट असतं. दुसरं म्हणजे माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी जवळपास बदलतच नाही. पुण्यात २१ मार्चला ऐन माध्यान्हीची सावली आणि त्याआधी दहा मिनिटांची सावली यांत फरक पडतो जेमतेम ३ मिलिमीटरचा. एक सेंटिमीटरच्या धुरकट कडेत ३ मिलिमीटर शोधणार कसे?

पुसट कडेवर उपाय म्हणजे टोकाऐवजी भोक वापरायचं. दहा सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा घ्या, मध्ये ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि जमिनीपासून बरोबर १ मीटर उंचीवर तो आडवा बसवा. पत्र्याच्या सावलीत दीडेक सेंटिमीटरचा लंबगोल उजेडाचा ठिपका पडतो. त्याचा मध्य डोळ्यांना दोन मिलिमीटरच्या आत सापडतो. आधाराची दांडी पत्र्याच्या दक्षिणेला हवी. उत्तरेला लावली तर ऐन दुपारी ठिपका जमिनीऐवजी दांडीवरच पडेल. भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर पायाची खूण करा, सगळी मापं या खुणेपासून घ्यायची. ओळंबा न वापरता नुसत्या नजरेने दांडी सरळ धरली आणि ती उत्तर-दक्षिण एक अंशाने कलली, तर अक्षांश जवळपास तेवढाच चुकतो, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तोही तितकाच घातक. पाणसळ किंवा स्पिरिट लेव्हल लावून सपाट फरशी शोधा, नाहीतर एक फळी समतल करून घ्या.

वेळेच्या अडचणीवर उपाय आपल्याकडे फार जुना आहे, शंकूभोवतीच्या (म्हणजे सावली मोजायला उभ्या रोवलेल्या खुंटीभोवतीच्या) वर्तुळाचा. पायाच्या खुणेभोवती खडूने तीन-चार वेगवेगळ्या त्रिज्यांची वर्तुळं काढा. सकाळी ठिपक्याचा मध्य वर्तुळावर येईल ती वेळ टिपा, दुपारी तो त्याच वर्तुळावरून बाहेर पडेल ती वेळ टिपा. दोन्हींचा मध्य म्हणजे स्थानिक माध्यान्ह. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला ठिपका मिनिटाला अर्धा सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे वेळ अर्ध्या मिनिटापर्यंत नेमकी मिळते. वर्तुळं अनेक काढायची ती ढगांसाठी: एकाची दुपारची खूण हुकली तर दुसरं कामाला येतं. सकाळ-दुपारच्या दोन खुणा जोडणाऱ्या रेषेवर पायातून लंब टाकला की खरी उत्तर-दक्षिण रेषाही फुकटात मिळते.

आता आकडेमोड. समजा, पुण्यात २१ मार्चला ६७ सेंटिमीटरच्या वर्तुळावर ठिपका सकाळी १०:४६ ला आणि दुपारी २:३८ ला आला. मध्य १२:४२. इथे बहुतेक जण थेट ४२ ला ४ ने भागतात आणि फसतात. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी मागे असतो, कधी पुढे. याला कालसमीकरण म्हणतात. ११-१२ फेब्रुवारीच्या सुमाराला तो सव्वाचौदा मिनिटं मागे असतो, ३ नोव्हेंबरच्या आसपास साडेसोळा मिनिटांच्या जवळपास पुढे. एप्रिलच्या मध्यावर, जूनच्या मध्यावर, १ सप्टेंबरला आणि २५ डिसेंबरला फरक जवळपास शून्य. म्हणून पुण्याची माध्यान्ह फेब्रुवारीत १२:४९ ला होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला. २१ मार्चला सूर्य सुमारे ७ मिनिटं २० सेकंद मागे असतो. ती वजा केली की उरतात १२ वाजून ३४ मिनिटं ४० सेकंद. बारानंतरच्या या ३४ मिनिटं ४० सेकंदांना ४ ने भागलं की ८°४०′ येतात. माध्यान्ह बारानंतर झाली म्हणजे आपण प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेला. ८२°३०′ मधून ८°४०′ गेले, राहिले ७३°५०′ पूर्व. पुण्याला हे अगदी जुळतं.

मुंबईसाठी हाच सरासरी फरक ३९ मिनिटांचा आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत कित्येक वर्षं 'बॉम्बे टाइम' चालू होता, तो एवढ्याच मिनिटांनी मागे असायचा. नागपूरला फरक जेमतेम १४ मिनिटं. रेखांशात एका मिनिटाची चूक म्हणजे पुण्याच्या अक्षांशावर साधारण २६ किलोमीटर.

अक्षांशासाठी माध्यान्हीला ठिपक्याचं पायापासूनचं अंतर मोजा. २१ मार्चला पुण्यात ते ३३.५ सेंटिमीटर येतं. १०० ने भागून ०.३३५, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा व्यस्त टॅन (tan⁻¹) घेतला की १८.५°. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असल्याने हाच अक्षांश. जुन्या ज्योतिषात बारा अंगुळांच्या शंकूची याच दिवसाची माध्यान्ह सावली 'पलभा' म्हणून नोंदवत. पुण्याची जवळजवळ चार अंगुळं भरते. वर्षाच्या इतर दिवशी आलेल्या कोनात सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल ते, मिळवायची, दक्षिण क्रांती असेल तर वजा करायची. २२ डिसेंबरला ठिपका ९० सेंटिमीटरवर जातो, कोन ४२°, त्यातून २३.४° गेले की १८.६°.

मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र पुण्यात सूर्य माथ्याच्या उत्तरेला जातो आणि ठिपका दक्षिणेला पडतो. तेव्हा कोन उणे धरायचा: २१ जूनला ८.६ सेंटिमीटर म्हणजे उणे ४.९°, अधिक २३.४°, पुन्हा १८.५°. हे उणे चिन्ह विसरलं तर पुणे थेट काश्मीरच्या पलीकडे शोधायची वेळ येत नसली तरी २८° वर, दिल्लीच्या शेजारी जाऊन बसतं. शिवाय त्या दिवसांत आधाराची दांडी उत्तरेला न्यावी लागते. तसाही पावसाळा असतो, ऑक्टोबर ते एप्रिल हाच या कामाचा मोसम.

परदेशातल्या वाचकांनी प्रमाण रेखावृत्त बदलून घ्यायचं. मॉरिशसची प्रमाणवेळ ६०° पूर्वेची आहे आणि पोर्ट लुई ५७°३०′ वर, म्हणून तिथली सरासरी माध्यान्ह १२:१० ला. २१ मार्चला ठिपका सुमारे ३६.७ सेंटिमीटरवर, पण दक्षिणेला पडतो. उत्तर उणे येतं आणि तसंच यायला हवं, कारण अक्षांश २०° दक्षिण आहे. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ तासभर पुढे असतं, तो तास आधी वजा करा. राहिला तर रेखांशात १५° ची चूक येते.