फिल्म क्लबचं पानांचं शिबिर

आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबचं शिबिर दर वर्षी ऑक्टोबर हीटमध्येच असायचं, कारण ऊन कडक मिळायचं आणि पानांत पावसाळ्याचा रसही असायचा. नावाला फिल्ममेकिंग, पण कॅमेरा कुणीच आणायचं नाही!

सकाळी सगळे टेकडीवर जाऊन आघाडा, दूर्वा, कडुनिंब, शेवग्याचा पाला जे मिळेल ते गोळा करायचे, सोबत माळीमामा, जून पान हातात दिसलं की "टाक ते, रस नाय त्यात, कोवळं घे" म्हणणार. मग धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीच्या पाण्यात पानं भिजवायची, ब्लॅक अँड व्हाइट १६ एमएम फिल्मच्या इमल्शनवर, म्हणजे चित्र उमटणाऱ्या थरावर मांडायची, वर काच ठेवायची आणि सरळ उन्हात. याला फायटोग्राम म्हणतात, कारेल डोइंग या फिल्ममेकरनी ही पद्धत रुजवली. पानातली फिनॉल्स नावाची रसायनं सोड्यासोबत डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवायचं काम करतात, म्हणजे पान आपलं चित्र आपणच काढतं. नंतर हायपो नावाच्या रसायनात चित्र पक्कं, म्हणजे फिक्स करायचं, पाण्यात खळबळून दोरीवर चिमट्यांनी वाळत.

काच उचलली की मी आधी आघाड्याकडे धावायचे. हातात असताना नुसतं हिरवं वाटणारं पान, आणि फिल्मवर त्याच्या बारीकसारीक शिरा, अळीनं कुरतडलेली कड, रस झिरपला तिथला डाग, सगळं तपकिरी रंगात उमटलेलं.

रात्री प्रोजेक्टर लागायचा. पाचेक सेंटिमीटरचं कडुनिंबाचं पान सहा-सात फ्रेमवर पसरतं आणि सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे पडद्यावर ते जेमतेम पाव सेकंद, पण तेवढ्यात देठापासून टोकापर्यंत सळसळून जायचं, आणि पोरं "परत लावा ना सर" म्हणून ओरडायची, सर रीळ मागे घेऊन खरंच परत लावायचे.

फाळक्यांची गोष्ट सर त्याच वेळी सांगायचे. १९१२ साली पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी त्यांनी वाटाण्याचं बी रुजून रोप कसं होतं ते थोडं थोडं टिपून छोटी फिल्म केली, भांडवल मिळवायला तीच लोकांना दाखवली. पुढे फिल्मला भोकं पाडणं, धुणं हे घरातच, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ते काम स्वतः करायच्या. मला तर सरस्वतीबाईच आमच्या शिबिराच्या खऱ्या आद्य गुरू वाटतात, दोरीवर ओल्या पट्ट्या लावताना हटकून त्यांचीच आठवण यायची.

आता फिल्मचा रोल फार महाग झालाय, तरी क्लबची नवी मुलं फूट-दोन फूट वाटून घेतात म्हणे. यंदा कुणी घाणेरी घेऊन बघा, आमच्या वेळी ती राहूनच गेली.