दिवाळीच्या स्नेहमेळाव्यातील ओळखी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात दिवाळीपूर्वी स्नेहमेळावा भरतो, आणि त्यात प्रत्येक विभाग आपापला कोपरा धरून बसतो. लेखा विभागातील मंडळी वर्षभर ज्यांची बिले तपासतात, त्या खरेदी विभागातील माणसांशी तेथेही बोलत नाहीत. ही संधी अशी वाया जावी, हे मला पटत नाही. अनोळखी वरिष्ठांजवळ जाताना हातात भडंगाची प्लेट खुशाल असावी, फक्त तोंडात घास नसावा. आपले नाव व काम स्पष्ट सांगून त्यांच्या कामाविषयी असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणार नाही. एरवीही सांगलीत विषयांचा तुटवडा नसतो: २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी चढत असताना आपण कोठे होतात, एवढे विचारले की अबोल माणूससुद्धा खुर्ची पुढे ओढतो. पगारवाढीचा विषय मात्र त्या संध्याकाळी काढूच नये. निरोप घेताना ‘भेटू पुन्हा’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘सोमवारी त्या निविदेबद्दल फोन करतो’ असे सांगावे, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीपूर्वी तो करावा.