दशावतारवाल्यांची खोली कुठल्या हेडखाली बसते? (माझा अनुभव)

आमच्या गावच्या जत्रेत पालखी फिरून आली की दशावताराचं नाटक सुरू होतं ते पहाटे दहीकाल्यापर्यंत. पण नटांनी रंगायचं कुठे, तर देवळामागे ताडपत्री बांधून, बाईचं काम करणारा गडी मांडीवर आरसा घेऊन मोबाईलच्या उजेडात पावडर लावणार, आणि संडास तर नाहीच. म्हणून एक पक्की खोली नि एक संडास मागायचा ठरवला. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, देवस्थान कमिटीचं संमतीपत्र, सगळं पटापट झालं. आमदारांना निवेदन देणं तर सर्वात सोपं, फोटो पण निघतो.

अडलं एका ऑफिसात, नाव नको. एसटीने दीड तास जायचं आणि ऐकायचं काय, तर "ह्या आमच्याकडे येणा नाय, सांस्कृतिक म्हणजे मुंबैक." दुसऱ्या टेबलावर पर्यटनात बसतं का बघतो म्हणाले, महिन्याने फाइल परत पहिल्या टेबलावर. "हेड खयचो?" म्हणजे खर्च कुठल्या सरकारी खात्यात टाकायचा, या एका प्रश्नावर पाच महिने गेले. मधे तर फाइलच सापडेना, माझ्याकडे शिक्का मारलेली पोच होती म्हणून वाचलो, तेव्हा आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

माझं पण चुकलं. लोककला, वारसा, परंपरा असं तीन पानं लिहून नेलेलं, साहेबांनी पहिलं पान पण पुरं वाचलं नाही. फॉर्मात 'लाभार्थी संख्या' रकाना होता, तिथे मी 14 लिहिलं, दशावतार कंपनीत माणसं तेवढीच. क्लार्क हसला, "चौदा माणसांका येवढो खर्च?" असा राग आला ना! घरी येऊन बडबडत होतो तर शेजारची काकी, जी जत्रेत खाज्याचं दुकान लावते, म्हणाली, "आणि माका खय धरलंस?"

मग ग्रामपंचायतीत जाऊन जागाभाड्याचं पावतीबुक काढलं. 63 दुकानं. त्यात मंडपवाला, लाइटवाला, कंपनीचा टेम्पो, रात्रभर बसणारी माणसं, खास रजा टाकून येणारे चाकरमानी. नाटक नसेल तर पालखी झाली की सगळे घरी, मग खाजं कोण घेणार? हे एका पानात लिहिलं आणि ते पान मात्र वाचलं गेलं. आमचं देऊळ 'क' वर्ग यात्रास्थळांच्या सरकारी यादीत आधीच होतं, हे पाच महिन्यात कोणी बोललं नव्हतं! तुम्ही हे पहिलं विचारा. त्यातून विषय जिल्हा नियोजन समितीपुढे गेला, नाव पडलं 'भाविकांसाठी सुविधा कक्ष'. दशावतार हा शब्दच कागदावर नाही. मी वाद घातला नाही, दमलो होतो.

परवा मान्यतेचं पत्र आलं. अंदाजपत्रक बघतो तर एक ट्यूबलाइट नि दाराजवळ एक प्लग, आरसा लावायचा त्या भिंतीला काहीच नाही. सोमवारी परत जातोय.