तीन की आठ: खारकीवहून आलेल्या पाकिटाचा माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेतू केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा... दिवसभर लोकांचे आकडे नीट भरून देणं हाच माझा धंदा. म्हणून घरच्याच कागदाचा आकडा मी चुकवला, हे सांगायला अजून जड जातं.

धाकटा भाऊ युक्रेनमधल्या खारकीवला डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होता, तेव्हा रशियाने हल्ला केला. २ मार्च २०२२ला आपल्या दूतावासाने ‘खारकीव ताबडतोब सोडा’ म्हणून कळवलं आणि तो बाकीच्या पोरांसोबत पायी जवळच्या पिसोचिन गावाला निघाला. पाठीवर एकच बॅग. मार्कांचे मूळ कागद विद्यापीठातच राहिले. डोक्यावर तोफा असताना गुणपत्रक कोणाला आठवतं?

आठवलं ते सप्टेंबरात. युक्रेनहून परतलेल्या पोरांना राहिलेलं शिक्षण दुसऱ्या देशात पुरं करता येईल, पदवी मात्र मूळच्या विद्यापीठाचीच, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ६ सप्टेंबर २०२२ला कळवलं. जॉर्जियातलं एक कॉलेज त्याला घ्यायला तयार झालं, पण अट घातली: शिक्क्याचं मूळ गुणपत्रक पाहिजे, स्कॅन चालणार नाही. एका एजंटने ‘माणूस पाठवून’ कागद आणून देण्याचे साठ हजार सांगितले. बाबा सोयाबीनच्या पैशातून द्यायला निघालेही होते.

त्यांना अडवलं आमच्या शेजारच्या काकाजींनी. काकाजी नागपूरला आरएमएसमध्ये होते, म्हणजे रेल्वेने जाणारं टपाल वाटणीला लावणाऱ्या खात्यात. ओट्यावर सुपारी कातरत म्हणाले, “साठ हजार कायले देता? रजिस्टर टपालानं बलवा ना.”

मी म्हटलं, काकाजी, तिथं लढाई सुरू आहे.

“लढाई हाये, पोस्ट बंद कुठी हाये?”

मग ते सांगत बसले. १८७४ साली स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात २२ देशांनी करार केला. त्यातून जागतिक टपाल संघ निघाला, आणि १८७६पासून आपणही त्यात आहोत. त्या करारापुरते सगळे सभासद देश मिळून टपालाचं एकच गाव धरायचं. मधल्या देशाने दुसऱ्याचं टपाल अडवायचं नाही, आपल्या टपालासारखंच पुढे ढकलायचं. रशिया आणि युक्रेन, दोघंही सभासद. युद्धकैद्याच्या पत्राला तर तिकीटच लागत नाही, जिनिव्हा करारातच तसं लिहिलं आहे, हेही त्यांनी सांगितलं. ते आमच्या कामाचं नव्हतं, पण काकाजींना मध्येच थांबवलेलं चालत नाही.

कागद काढायचं काम भावाच्या तिथल्या वर्गमैत्रिणीच्या आईने अंगावर घेतलं. त्या बाईंना आमची भाषा येत नाही, आम्हाला त्यांची नाही. त्यांची पोरगी मध्ये बोलायची. त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरपासून तिथल्या वीजकेंद्रांवर मारा सुरू झाला होता. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही बसायची. तरी फोन लागायचा, याचं मला नवल वाटे. पोरीने सांगितलं, मार्चमध्येच कीवस्टार, व्होडाफोन आणि लाइफसेल या तिथल्या तिन्ही कंपन्यांनी एकमेकींची नेटवर्कं सगळ्यांना खुली केली होती. आपल्या कंपनीचा टॉवर मेला की फोन दुसरीचा धरतो. आमच्याकडे एका कंपनीची रेंज गेली की माणूस पाण्याच्या टाकीवर चढतो.

बोलायची वेळ जुळवणं हे वेगळंच गणित होतं. त्यांच्याकडे कोणत्या भागात किती वाजता वीज जाणार याचं वेळापत्रक, आणि आमच्याकडे कृषीपंपाची पाळी: या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे. मी दोन्ही वेळापत्रकं एका वहीत आखली होती. बाबा मोटार सुरू करायला रात्री शेतात जायचे तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. बरेच फोन बाबांनी विहिरीच्या काठावरूनच केले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोरीने टेलिग्रामवर पावतीचा फोटो पाठवला. पाकीट पोस्टात पडलं! फोटो अंधारात, टॉर्चच्या उजेडात काढलेला होता आणि पावतीची शाई फिकट होती. मी नंबर वहीत उतरवून घेतला. पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी युक्रेनची ‘यूए’.

रोज सकाळी केंद्र उघडलं की आधी पोस्टाच्या साइटवर तो नंबर टाकायचा. ‘असा नंबर सापडत नाही.’ आठ दिवस झाले, पंधरा झाले. २४ फेब्रुवारीपासून तिथलं आकाश विमानांना बंद होतं, टपाल जमिनीवरून पोलंडकडे निघायचं, हे ठाऊक होतं. मी म्हणायची, अडकलं असेल सीमेवर. मग म्हणायला लागले, जळालं असेल. भाऊ जेवणावर बसेना. युद्धावर ढकललं की पुढे विचार करायची गरजच राहत नाही.

एकोणिसाव्या दिवशी काकाजी केंद्रावर आधार अपडेट करायला आले आणि वही पाहून म्हणाले, “हा नंबर खोटा हाये.”

“खोटा कसा? त्यांनीच पाठवला.”

त्यांनी पेन मागितलं. परदेशी रजिस्टरचे आठ आकडे हे खरे आकडे, नववा त्यांचा पहारेकरी. आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचं, बेरीज करायची, ११ने भागायचं आणि उरलेली बाकी ११मधून वजा करायची. येईल तो नववा आकडा. उत्तर १० आलं तर शून्य, ११ आलं तर ५. जगात कुठलंही पोस्ट असो, हीच रीत. म्हणून तर तिकडचा नंबर आपल्या साइटवर चालतो. माझ्या नंबरची बेरीज आली २०५. बाकी ७, म्हणजे शेवटी ४ पाहिजे. वहीत होता ८.

“फोटू दाखव.”

मी फोटो मोठा केला. पाचवा आकडा मी ८ वाचला होता. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल नाकाशी धरला. “मले त तीन वाटते.” पाचव्याला ३ने गुणायचं असतं, ८च्या जागी ३ घेतला की बेरीज १५ने उतरते. १९०. बाकी ३. अकरातून तीन गेले, आठ.

नवा नंबर टाकताना माझी बोटं थरथरत होती. पाकीट वॉर्सा मागे टाकून मुंबईत पोचलेलंसुद्धा होतं, कस्टम्सच्या रांगेत. एकोणीस दिवस मी ज्याला जळालेलं समजत होते ते तीन देश ओलांडून आलं होतं. आधारसाठी थांबलेले दोघं जण माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या डाकसेवकाने पाकीट आणून दिलं. गावाचं नाव त्या बाईंनी त्यांच्या लिपीतून इंग्रजीत आणताना असं काही लिहिलं होतं की मलाही ओळखू आलं नाही. खाली ४४५ने सुरू होणारा पिन तेवढा ठळक, दोनदा गिरवलेला. आत गुणपत्रक, निळा गोल शिक्का, आणि पाण्याने कडक झालेला एक कोपरा.

आठवडाभराने भावाने जॉर्जियाला कागद पाठवले. पोस्टातून येताच मी पावतीसाठी हात पुढे केला.

“तू नको, ताई,” म्हणाला, आणि पावती घेऊन काकाजींच्या ओट्याकडे गेला.