आमची वाटचाल : सोलकढीच्या रंगाचं तेल

२००६ साली चिपळुणात दोघांनी मिळून गाड्या दुरुस्तीसाठी गाळा घेतला. भागीदाराचं डोकं वायरिंगमध्ये चालायचं, माझा हात गिअरबॉक्सवर. पुढची बारा-तेरा वर्षं क्लचप्लेट, सस्पेन्शन, ब्रेक लायनर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोटापाण्याचं झालं, गाळ्याचं कर्ज फिटलं.

ऑटोमॅटिक तेव्हा आमच्याकडे कुणाची नव्हती म्हटलं तरी चालेल. २०१४ला मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप टाकणारी यंत्रणा, घेऊन आली आणि मग गिऱ्हाईक 'माझी ऑटोमॅटिक स्लिप होते' म्हणत यायला लागलं. अहो, ती ऑटोमॅटिक नव्हेच. आत आपली नेहमीचीच क्लचप्लेट, पाय तेवढा मशीनचा. खरी ऑटोमॅटिक म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आणि तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच. ती शिकायला मी स्वतःच्या खर्चाने सहा महिने पुण्याला राहिलो. येताना लाइन प्रेशरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब मोजायचा, गेज आणला. २० बारची तबकडी, पितळी नट, लांब होज. भागीदार हसला होता. त्याचा भरवसा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर. 'स्कॅनर सगळं सांगतो, ह्या घड्याळाचं काय लोणचं घालणार?'

२०१९ला तो वेगळा झाला. हायवेला काचेचं ऑफिस थाटलं. स्कॅनर घेऊन गेला. निम्मे पैसे माझे होते, ते आजही यायचेत. असो.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठीने काय केलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्या गाळ्यात डोक्यावर पाणी होतं. कॉम्प्रेसर, लिफ्टची मोटर, तीन गिऱ्हाइकांच्या उघड्या गाड्या, सगळं गेलं. चौथ्या दिवशी चिखलात हात घालून पाने शोधत होतो तेव्हा तो गेज सापडला. काचेआड गढूळ पाणी, काटा अडकलेला. उघडून डिझेलमध्ये धुतला, वाळवला, दुसऱ्या गेजशी ताडून पाहिला. बरोबर दाखवत होता. त्या आठवड्यात एवढी एकच गोष्ट बरोबर होती.

गिऱ्हाइकं हायवेला गेली. त्यांना दोष नाही, माझ्याकडे बसायला कोरडी जागा नव्हती. पण 'त्याला ऑटोमॅटिक जमत नाही, गाडी उघडून ठेवतो' हे जे बाजारात पसरवलं गेलं, ते कुणी पसरवलं हे मला ठाऊक आहे.

आमच्या डॉक्टरबाईंची सहा गिअरची ऑटोमॅटिकही तिकडेच गेली. पुरात सीटपर्यंत बुडलेली. तेल बदलून 'झाली' म्हणून परत दिली. चार महिन्यांनी पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट चढताना इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. परत नेली तर स्कॅनर लावला, चुकीच्या गिअर रेशोचा कोड आला, निकाल दिला: अख्खा गिअरबॉक्स बदला. बाई तडक माझ्याकडे. 'तू बघ, मग ठरवू.'

कोड म्हणजे रोग नव्हे. कोड म्हणजे ताप. आधी तेल पाहिलं. हिला डिपस्टिक नाही. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आलं की लेव्हलचा बोल्ट उघडायचा. पातळी ठीक, पण पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर लाल तेल थेट सोलकढी झालेलं. एका फेरीच्या तेलबदलाने जुनं तेल सगळं निघत नाही. निम्मंअधिक कन्व्हर्टरमध्ये आणि तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये राहतं, आणि त्याबरोबर पाणीही.

मग कऱ्हाडच्या मित्राचा स्कॅनर लावून रस्त्यावर. पहिला, दुसरा, चौथा गच्च. तिसऱ्यात सुटायची. तिसऱ्याचा रेशो १.५ धरला तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या १६०० फेऱ्यांना आत शिरणारे २४०० हवेत, तिथे २९०० दिसत होते. म्हणजे आत क्लच घसरतोय. पाचव्यातही तेच. मग स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिनाचे फेरे किती चढतात ते पाहायचं. 'डी'त बरोबर, रिव्हर्समध्ये आकडा वर. (ही टेस्ट पाच सेकंदांच्या वर करू नका, आणि पोरांना तर करूच देऊ नका.) तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स: तिन्हींना ह्या बॉक्समध्ये एकच क्लच सामाईक. गेज लावला, थंड आणि गरम दोन्ही वेळा दाब पक्का. म्हणजे पंप शाबूत. त्या क्लचला तेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, वेगळा काढून तपासला, तोही शाबूत. चेंबर खोललं तर तळाला लायनिंगचे तपकिरी पापुद्रे, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. ह्या प्लेटींचं लायनिंग कागदी असतं, डिंकाने चिकटवलेलं. पाणी गेलं की ते सुटतं.

क्लच पॅक, सील, कन्व्हर्टर खोलून दुरुस्त, कूलर धुऊन. खर्च त्यांच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. बाईंनी सगळे पैसे आगाऊ दिले. त्यातून मी आधी कॉम्प्रेसर घेतला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि विषय निघालाच आहे तर: पाण्यात बुडलेली ऑटोमॅटिक चालू करून पाहू नका. दोरी बांधून ओढू नका, फ्लॅटबेडच मागवा. ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून, पाणी आत जातं, बाहेरून काही कळत नाही.

गेल्या महिन्यात हायवेवरून एक पोरगा आला. 'शेटनी प्रेशरचा गेज मागितलाय, संध्याकाळी परत देतो.'

म्हटलं, गेज बाहेर जात नाही. गाडी घेऊन ये.

तिसऱ्या दिवशी आली, फ्लॅटबेडवर.