अँजिओ नॉर्मल, मग एमआरआय कशाला?

भाचा २४ वर्षांचा, नाशिकला सातपूर एमआयडीसीत कामाला, रोज सकाळी पळायला जाणारा पोरगा. मागच्या महिन्यात तीन-चार दिवस ताप आला, क्रोसिन खाऊन तसाच ड्युटीवर गेला, आणि आठवड्याने रात्री दोनला ताईचा फोन, "अरे याच्या छातीत दुखतंय, गाडी घेऊन ये." संध्याकाळी मिसळ चापली होती म्हणून अ‍ॅसिडिटीच असणार असं सगळेच म्हणत होतो.

ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, अटॅकच धरून अँजिओग्राफी केली तर हार्टच्या नळ्या एकदम स्वच्छ! ताईने तिथूनच काळारामाला हात जोडले. पण डॉक्टर म्हणे, नळ्या चांगल्या, मग ट्रोपोनिन का वाढलं? मायोकार्डायटिस वाटतोय, हार्टच्या स्नायूलाच सूज, व्हायरल तापानंतर येते बऱ्याचदा. इकोत, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, पंपिंग थोडं कमी दिसलं पण तेवढ्यावरून सूज आहे असं ठाम सांगता येत नाही म्हणून कार्डियाक एमआरआय. खरं सांगतो, मला वाटलं आता हे पैसे काढायचे धंदे.

आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलं, कारण गॅडोलिनियमचं इंजेक्शन असतं, फोटोत फरक उठून दिसावा म्हणून देतात ते औषध, आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं. करदोडा, अंगठी सगळं काढून पाऊण तास आत. बाहेर आल्यावर म्हणतो, "मामा, श्वास घ्या, सोडा, थांबा, सारखं तेच, पळताना एवढा दम लागत नाही." हार्ट हलतं राहतं ना, म्हणून श्वास रोखून, ठोक्याशी जुळवून फोटो घ्यावे लागतात.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मेदुवड्यासारखी काळी रिंग, ते हार्टचं आडवं काप, आणि उजवीकडे बाहेरच्या कडेला पांढरी रेघ, खडूने ओढल्यासारखी. चांगल्या स्नायूतून ते इंजेक्शनचं औषध निघून जातं म्हणून तो काळा, दुखावलेल्यात साचून राहतं म्हणून पांढरा. अटॅकमध्ये पांढरं आतल्या कडेपासून सुरू होतं, कारण रक्त कमी पडलं की आतला थर आधी मरतो, याची आतली कड मात्र काळीभोर. टी२ मॅपिंगमध्ये, म्हणजे स्नायूतलं पाणी दाखवणाऱ्या फोटोंत, त्याच जागी पाणी धरलेलं, म्हणजे सूज ताजी. या दोन्ही खुणा मिळाल्या की निदान पक्कं धरतात, त्याला लेक लुईस क्रायटेरिया म्हणतात, २००९ चे, २०१८ ला सुधारलेले. मी गप्पच झालो.

आता कमीत कमी तीन महिने पळणं बंद, मग परत तपासणी. ताईने त्याचे बूट माळ्यावर टाकलेत, आणि हा मला हळूच विचारतो, "मामा, सोमेश्वरपर्यंत चालत तरी जाऊ का रे?"